प्रकाशनाआधीच एक तारा: वाचकांच्या परीक्षणांवर किती विसंबावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका वाचक-लेखिकेनं परदेशातल्या एका आगामी कादंबरीची बातमी वाचली आणि कुतूहलानं गुडरीड्सवर, म्हणजे वाचक जिथे पुस्तकांना एक ते पाच तारे आणि अभिप्राय देतात त्या संकेतस्थळावर, तिचं पान उघडलं. पुस्तक बाजारात यायला अजून काही महिने होते, तरी तिथे एक तारा देणाऱ्यांची रीघ लागली होती. त्या विचारतात: हे लोक कोण? त्या सरासरीला किती मानायचं? आणि माझा मराठी कथासंग्रह येतोय, त्याची नोंद अशा ठिकाणी करावी की लांबच राहावं?

मी गुडरीड्सवर बरीच वर्षं स्वयंसेवक ग्रंथपाल म्हणून काम करते. आपल्या खात्यात पन्नास पुस्तकं नोंदवलेली असली की या कामासाठी अर्ज करता येतो. काम नोंदींचं असतं: चुकलेलं मुखपृष्ठ बदलायचं, एकाच पुस्तकाच्या दोन-चार नोंदी एकत्र करायच्या, लेखकाच्या नावातली चूक काढायची. परीक्षण काढून टाकायचा अधिकार आम्हाला नसतो. लोकांना वाटतं तो असतो, म्हणून तक्रारी आमच्याकडे येतात आणि आम्ही त्या कंपनीकडे पाठवतो.

आधी सरळ उत्तर देते. प्रकाशनाच्या तारखेआधीची सरासरी मी बघतच नाही. नंतरची बघते, पण कोणी काय आणि केव्हा लिहिलंय ते वाचून मगच. तारीख ही त्या पानावरची सगळ्यात कामाची गोष्ट आहे आणि तिच्याकडेच कोणी बघत नाही.

न आलेल्या पुस्तकाला तारे देता येतात, कारण ती सोय मुळात चांगल्या हेतूनं ठेवली आहे. इंग्रजीत प्रकाशक पुस्तक येण्याच्या काही महिने आधी परीक्षकांना, ग्रंथपालांना, दुकानदारांना प्रती पाठवतात. हल्ली त्या बऱ्याचदा नेटगॅलीसारख्या ठिकाणावरून ई-पुस्तकाच्या रूपात जातात. त्या वाचलेल्यांना लिहिता यावं म्हणून पान आधीच खुलं असतं. पण लिहिणाऱ्याकडे खरंच ती प्रत होती का, हे कोणी विचारत नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘द विंड्स ऑफ विंटर’ची वाचक वर्षानुवर्षं वाट बघताहेत. ते पुस्तक आलेलं नसतानाच त्याच्या पानावर हजारोंनी तारे देऊन ठेवले. ते प्रेमापोटी दिले होते, त्यानं कोणाचं नुकसान झालं नाही. पण ज्या दारानं ते प्रेम आत येतं, त्याच दारानं बाकीचंही येतं.

आता हे लोक कोण ते सांगते. सगळे एका जातकुळीचे नसतात आणि त्यांना एकाच मापानं मोजलं की अन्याय होतो.

पहिली जात निषेध करणाऱ्यांची. जून २०२३ मध्ये एलिझाबेथ गिल्बर्ट या अमेरिकन लेखिकेनं ‘द स्नो फॉरेस्ट’ या नव्या कादंबरीची घोषणा केली. सोव्हिएत सत्तेपासून दूर सायबेरियाच्या जंगलात जाऊन राहणाऱ्या एका कुटुंबाची ती गोष्ट होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती येणार होती. रशियानं युक्रेनवर चढाई करून तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. घोषणेनंतर काही दिवसांतच गुडरीड्सवर पाचशेहून जास्त एक-तारा अभिप्राय जमले. बरेचसे युक्रेनी वाचकांचे होते: आमच्यावर बॉम्ब पडताहेत आणि तुम्ही रशियाची रम्य पार्श्वभूमी विकताय, असा एकंदर सूर होता. आठवड्याभरात गिल्बर्ट यांनी पुस्तक मागे घेत असल्याचं जाहीर केलं.

त्या वाचकांना मी खोटारडे म्हणणार नाही. त्यांचं दुःख खरं होतं आणि त्यांनी ते स्वतःच्या तोंडानं बोलून दाखवलं. पण ते पुस्तकाचं परीक्षण नव्हतं, कारण पुस्तक कोणी वाचलेलंच नव्हतं. तो निषेध होता. निषेधाला जागा हवी, लेखिकेला उद्देशून लिहिलेलं पत्र हवं, वर्तमानपत्रातला लेख हवा. तोच निषेध ताऱ्यांत बसवला की यंत्राला तो ‘पुस्तक वाईट आहे’ एवढाच कळतो. गिल्बर्ट यांच्यासारख्या नावाजलेल्या लेखिकेला तो फटका सोसता येतो, त्यांच्यापाशी प्रकाशक आणि वाचक दोन्ही टिकून असतात. सेसिलिया रॅबेस यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. ‘एव्हरीथिंग्ज फाइन’ ही त्यांची पहिलीच कादंबरी. एक कृष्णवर्णीय तरुणी आणि तिचा पुराणमतवादी गोरा सहकारी यांच्या प्रेमाची. २०२३ च्या जूनमध्ये ती आली, पण कथासूत्र ऐकूनच लोक त्याआधी जानेवारीतच एक तारा देऊन मोकळे झाले होते. पहिल्या पुस्तकाच्या वेळी दुकानदार किती प्रती मागवायच्या, प्रकाशक जाहिरातीवर किती खर्च करायचा, हे सुरुवातीच्या चाहुलीवरून ठरवतो. ती चाहूल अशी गढूळ झाली की लेखक उभा राहायच्या आधीच खचतो.

दुसरी जात मात्र सरळ फसवणुकीची. डिसेंबर २०२३ मधलं केट कॉरेन यांचं प्रकरण मला मुद्दाम सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण ते पकडलं गेलं ते वाचकांच्या नजरेमुळे. ‘क्राउन ऑफ स्टारलाइट’ ही कॉरेन यांची पहिली कादंबरी पुढच्या वर्षी डेल रे या मोठ्या प्रकाशनाकडून येणार होती. त्याच सुमारास पहिलं पुस्तक येत असलेल्या इतर लेखकांच्या पानांवर एक-तारा अभिप्राय दिसू लागले, आणि त्यांतले बरेच लेखक अश्वेत होते. कोणीतरी ती खाती उघडून एकापुढे एक ठेवली. या खात्यांनी नवोदितांच्या पुस्तकांना एक तारा दिला होता आणि ‘क्राउन ऑफ स्टारलाइट’ला पाच. खाती वेगवेगळी, आवडनिवड मात्र हुबेहूब. लेखक शिरान जे झाओ यांनी या प्रकाराला वाचा फोडली. मग तीसेक पानांचा पुराव्यांचा दस्तऐवज फिरू लागला. कॉरेन यांनी आधी एका मैत्रिणीनं हे परस्पर केल्याचं सांगून तिच्याशी झालेलं म्हणून एक संभाषण पुढे केलं. ते टिकलं नाही. शेवटी त्यांनी कबुली दिली. प्रकाशकानं पुस्तक रद्द केलं आणि लेखकातर्फे प्रकाशकाशी बोलणी करणाऱ्या साहित्यिक एजंटनंही हात काढून घेतले.

हे सगळं उघडकीला आणलं ते वाचकांनी आणि लेखकांनी, फुकट, रात्री जागून. ज्यांच्या जागेत हे घडलं त्या कंपनीच्या यंत्रणेनं नव्हे. मला या प्रकरणातली खरी चिंतेची गोष्ट ही वाटते.

तिसरा प्रकार खंडणीचा. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘टाइम’ मासिकानं त्यावर लिहिलं होतं. स्वतःची पुस्तकं स्वतः छापणाऱ्या लेखकांना निनावी ई-मेल यायचे: पैसे द्या, नाहीतर तुमच्या पुस्तकांचे तारे मातीत घालू. पैसे न देणाऱ्यांच्या पानांवर खरोखरच एक-तारा अभिप्रायांचा पाऊस पडला. असा मेल कधी आलाच तर उत्तर देऊ नका, पैसे तर मुळीच देऊ नका. मेल जपून ठेवा, पानाचे फोटो तारखेसकट घ्या, संकेतस्थळाकडे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार करा. एकदा पैसे दिले की पुढचा मेल ठरलेलाच.

आणि चौथे? ज्यांना पुस्तक मनापासून आवडलेलं नाही ते. त्यांना पूर्ण हक्क आहे. मी हे ठासून लिहिते, कारण हल्ली लेखक मंडळी प्रत्येक एक तारा हल्ला समजू लागली आहेत. पैसे टाकून, वेळ खर्चून पुस्तक वाचलेल्या माणसानं ‘कंटाळा आला’ म्हटलं तर ते ऐकून घ्यायचं असतं.

मग कंपनी हे थांबवत का नाही? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. ओटिस चँडलर आणि एलिझाबेथ खुरी चँडलर या जोडप्यानं २००७ च्या जानेवारीत गुडरीड्स लोकांसाठी खुलं केलं. मार्च २०१३ मध्ये ॲमेझॉननं ते विकत घेत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा तिथे १ कोटी ६० लाखांहून अधिक सदस्य होते. ॲमेझॉनची ही पहिली खरेदी नव्हती. शेल्फारी हे तसंच दुसरं ठिकाण त्यांनी २००८ मध्येच घेतलं होतं, पुढे २०१६ मध्ये ते बंद करून गुडरीड्समध्ये मिळवलं. टिम स्पॉल्डिंग यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या लायब्ररीथिंग या तशाच ठिकाणातही, एबबुक्स हे पुस्तकविक्रीचं संकेतस्थळ विकत घेतल्यामुळे, ॲमेझॉनकडे निम्म्याहून कमी हिस्सा आला. म्हणजे वाचक जिथे जमून बोलतात त्या जागा पुस्तकं विकणाऱ्याच्या हातात गेल्या. त्याला लोकांनी येत राहणं, पुस्तकं नोंदवत राहणं हवं आहे. प्रत्येक अभिप्राय तपासायला माणसं नेमली तर खर्च वाढतो आणि लिहिणाऱ्यांचा ओघ आटतो. यात कोणाचा दुष्टपणा आहे असं मी म्हणत नाही, पण काटकसर नक्कीच आहे, आणि तिची किंमत नवे लेखक मोजतात.

काही हालचाल झाली आहे, ती मोकळेपणानं सांगायला हवी. एखाद्या पानावर अचानक गर्दी उसळली की गुडरीड्स आता तिथे नवे अभिप्राय काही काळ थांबवतं. जुलै २०२४ मध्ये जे. डी. व्हान्स यांना अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली आणि त्यांच्या जुन्या आत्मकथनाच्या पानावर राजकारण सुरू झालं, तेव्हा तेच केलं गेलं. पण हा उपाय गर्दी झाल्यावरचा आहे. प्रकाशनापूर्वीचे तारे फक्त प्रकाशकाकडून प्रत मिळालेल्यांनाच देता यावेत, इतरांना ‘वाचायचं आहे’ एवढंच नोंदवता यावं, हा साधा नियम केला तर निम्मा त्रास जागीच संपेल. प्रकाशकांकडे प्रती कोणाला गेल्या याची यादी असतेच.

इथे हमखास एक सूचना येते: सगळ्यांना खऱ्या नावानं लिहायला लावा, की झालं. मला ती पटत नाही. २०१४ मध्ये कॅथलीन हेल या अमेरिकन लेखिकेनं ‘द गार्डियन’मध्ये स्वतःच लिहिलं की आपल्या पुस्तकावर वाईट अभिप्राय देणाऱ्या, टोपणनावानं वावरणाऱ्या एका परीक्षक बाईचा माग काढत त्या तिच्या घरापर्यंत गेल्या होत्या. ते वाचून कित्येक वाचक हादरले. लेखकाच्या रागापासून सामान्य वाचकाला वाचवणारा एक आडोसा म्हणजे टोपणनाव, आणि बायकांना त्याची गरज जास्त असते.

टोपणनावाचं आपल्याला वावडंही नाही. ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ या नावानं जयवंत दळवी मराठी साहित्यविश्वाची रेवडी उडवत होते आणि लेखक मंडळी ते सदर आवडीनं वाचत होती. पण त्या टोपणनावामागे एक संपादक उभा होता. आक्षेप घ्यायचा तर कोणाला पत्र लिहायचं हे ठाऊक होतं. टोपणनाव तेव्हाही होतं, आजही आहे. आज हरवलेली गोष्ट आहे संपादक. खाती हजार असली तरी चालेल, पण त्या जागेचं उत्तरदायित्व घेणारा माणूस दिसला पाहिजे, नावानिशी, आणि तक्रारीला त्यानं दोन ओळींचं तरी उत्तर दिलं पाहिजे.

नियंत्रणाचा अतिरेकही बघितलेला आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये गुडरीड्सनं जाहीर केलं की पुस्तकाऐवजी लेखकाच्या वागणुकीबद्दल असलेले अभिप्राय आणि याद्या काढल्या जातील. त्यामागे कारण होतं, लेखक आणि परीक्षकांची भांडणं विकोपाला गेली होती. पण काही सदस्यांचा मजकूर आधी न कळवता पुसला गेला. वर्षानुवर्षं मन लावून लिहिलेली माणसं दुखावली आणि अनेकांनी बुकलाइक्ससारख्या दुसऱ्या जागा धरल्या. पुसायचं असेल तर आधी सांगा, कारण द्या, लिहिणाऱ्याला आपला मजकूर उतरवून घ्यायला वेळ द्या. एवढी अदब हवीच.

खोट्या निंदेइतकीच खोटी स्तुती जुनी आहे. २०१० मध्ये ब्रिटनमधले नामांकित इतिहासकार ऑर्लँडो फायजेस यांनी ॲमेझॉनवर निनावी खात्यातून प्रतिस्पर्ध्यांची पुस्तकं झोडपली आणि स्वतःचं वाखाणलं. आधी वकिलाची धमकी, मग पत्नीनं लिहिल्याचं स्पष्टीकरण, शेवटी कबुली आणि नुकसानभरपाई. २०१२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं पैसे घेऊन पुस्तकांवर स्तुतिपर परीक्षणं लिहून देण्याचा एक धंदाच उघड केला: ९९ डॉलरला एक, ९९९ डॉलरला पन्नास. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, खोट्या परीक्षणांवर बंदी घालणारा नियम ऑगस्ट २०२४ मध्ये केला, ऑक्टोबरपासून तो लागू झाला. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘आयएस १९०००:२०२२’ हे ऑनलाइन परीक्षणांचं मानक आणलं, पण ते ऐच्छिक आहे. शिवाय कायदा विकत घेतलेल्या अभिप्रायाला पकडेल. न वाचता रागानं एक तारा देणाऱ्या खऱ्या माणसाला तो पकडणार नाही, आणि पकडूही नये.

आता सरासरीबद्दल. गुडरीड्सवर दोन तारे म्हणजे ‘ठीक होतं’ आणि तीन म्हणजे ‘आवडलं’. त्यामुळे ३.६ पाहून नाक मुरडू नका, त्याचा अर्थ बहुतेकांना पुस्तक आवडलंय. मी पान उघडल्यावर आधी प्रकाशनाची तारीख बघते, मग कोणत्या ताऱ्याला किती मतं आहेत ते. मनापासून वाचलेल्या पुस्तकाची मतं सहसा पसरलेली असतात, मध्ये जास्त, कडांना कमी. पाच आणि एक या दोन टोकांनाच ढीग आणि मध्ये सामसूम असेल तर तिथे भांडण आहे. मग अभिप्राय ‘नवीन आधी’ असे लावते, कारण एरवी लोकांनी पसंती दिलेला जुना, झणझणीत मजकूरच वर बसून राहतो. एक-तारावाल्यांची दोन-चार खाती उघडते. खातं कधी सुरू झालं, एकूण किती पुस्तकं आहेत, बाकीच्यांना काय दिलंय. याच महिन्यात जन्मलेलं, चारच पुस्तकं असलेलं आणि चारही टोकाची मतं देणारं खातं मी बाजूला ठेवते. उलट शे-दोनशे पुस्तकं नोंदवलेल्या, कधी तीन कधी चार देणाऱ्या माणसानं एक तारा दिला असेल तर तो अभिप्राय मी अगदी शेवटपर्यंत वाचते. मला सगळ्यात उपयोगी पडतात तीन ताऱ्यांचे अभिप्राय. पात्राचं नाव, मधलंच एखादं प्रकरण, अनुवाद कुठे अडखळला, असं काहीतरी हाताला लागतं.

राहिला तुमचा कथासंग्रह. नोंद जरूर करा, आणि स्वतः पुढाकार घेऊन करून घ्या. नाहीतर दुसरं कोणीतरी कशीही करेल. मराठी पुस्तकांची तिथे फार दैना आहे. अलीकडेच एका जुन्या मराठी कादंबरीच्या तीन नोंदी माझ्यासमोर आल्या: एक देवनागरीत, एक रोमन लिपीत शुद्धलेखनाच्या चुकीसह, आणि एक कुठल्यातरी दुकानाच्या यादीतून उचललेली, जिच्या शीर्षकातच ‘मराठी, पेपरबॅक’ घुसलं होतं. लेखकाचं नावही तीन ठिकाणी तीन प्रकारे, म्हणून त्याच्या पुस्तकांची यादीही तीन तुकड्यांत. प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन वाचक. ते एकमेकांना कधी दिसलेच नव्हते. नोंदी एकत्र केल्यावर त्या कादंबरीचे सगळे वाचक एका पानावर आले.

म्हणून शीर्षक आणि स्वतःचं नाव देवनागरीत, पुस्तकावर छापलंय तसंच द्या. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक), प्रकाशक, पानांची संख्या, आवृत्तीचं वर्ष भरा, भाषा ‘मराठी’ निवडा आणि लेखक म्हणून आपलं पान ताब्यात घ्या, त्याला पैसे पडत नाहीत. घरच्या मंडळींना पाच तारे द्यायला सांगू नका. आपल्याकडे ‘अभिप्रायार्थ’ असं लिहून प्रत भेट द्यायची चांगली रीत आहे, तशीच चार चोखंदळ वाचकांना प्रत द्या. आवडो न आवडो, लिहा म्हणावं, आणि प्रत भेट मिळाल्याचं अभिप्रायात नमूद करायला सांगा.

एक धोका आहे तो हिशेबानंच सांगते. नव्या मराठी पुस्तकाला तिथे दहा-बारा मतं मिळाली तरी खूप. दहा जणांनी दिलेली सरासरी ४.५ असेल आणि पाच खोट्या खात्यांनी एकेक तारा दिला, तर ती थेट ३.३३ वर येते. लाखभर मतं असलेल्या इंग्रजी पुस्तकाला त्याच पाच खात्यांनी दशांश चिन्हापुढचे दोन आकडेही हलत नाहीत. म्हणजे आपलं पुस्तक जास्त उघडं आहे. त्यावर उपाय मला एकच माहीत आहे: जास्त खऱ्या वाचकांनी, जास्त सविस्तर, मराठीत लिहिणं. दोनशे शब्दांचे सहा प्रामाणिक अभिप्राय पानावर असले की वाचणारा आकड्याकडे बघत नाही.

वाईट अभिप्राय आला तर उत्तर देऊ नका, आभारही मानू नका. ती वाचकांची आपसातली चर्चा असते, तिथे लेखक आला की सगळे गप्प होतात. खोटं खातं वाटलं तर तक्रारीचं बटण दाबा आणि तीन-चार खात्यांचे दुवे एकत्र देऊन, त्यांच्यात काय सारखं आहे ते लिहून पाठवा. ‘माझ्यावर अन्याय झाला’ एवढ्यावर काही होत नाही, नमुना दाखवला तर होतं. नोंद करताना तुमच्या पुस्तकाच्या दोन नोंदी आधीच असलेल्या दिसल्या तर नवी तिसरी करू नका. तिथल्या ग्रंथपालांच्या गटात दोन्हींचे दुवे देऊन एकत्रीकरणाची विनंती टाका. मराठी वाचणारे ग्रंथपाल तिथे मोजकेच आहेत, म्हणून मुखपृष्ठाचा आणि आतल्या श्रेयनामावलीच्या पानाचा फोटो जोडा, म्हणजे मराठी न येणाऱ्यालाही ते काम करता येईल.